व्याह्यांचा रोपवे

व्याह्यांकडे रिकाम्या हातानं जायचं नसतं, हे कोक-दोबो गावात शेंबडं पोरही सांगेल. पण त्या दिवशी अनिपानं गाडीत जे काही भरलं ते पाहून तिचा दीर कुबात दाराशीच थबकला. साखर, चहाचे पुडे, विहीणबाईंसाठी शाल, व्याह्यांसाठी चापानाचा नवा लांब अंगरखा, कणकेच्या तळलेल्या बोर्सोकांनी भरलेली परडी, आणि मागं पाय बांधून ठेवलेला मेंढा.

"वहिनी, भेटायला चाललोय की दुसरी मुलगी उजवायला?"

अनिपा हसली नाही. काय मागायला चाललोय ते तिला ठाऊक होतं. ज्याच्याकडे मागायचं त्या माणसाला नाही म्हणता येणार नाही, हेही ठाऊक होतं.

कोक-दोबोचा बर्फाचा उतार अनिपा सांभाळत होती. नवऱ्यानं हयातीत जुन्या ट्रकचं इंजिन लावून एक ओढदोर बसवला होता. दोराला धरायचं, तो आपल्याला टेकडीवर ओढत नेतो, मग स्कीवरून घसरत खाली यायचं. शहरातले लोक पोराबाळांना घेऊन यायचे, गावात जेवायचे, राहायचे. मग पलीकडच्या खोऱ्यात कुणा धनवानानं खुर्च्यांचा रोपवे बसवला. बसून वर जायची सोय झाल्यावर दोराला लोंबकळायला कोण येतंय? गेल्या हिवाळ्यात ऐन रविवारीसुद्धा उतारावर गावचीच पोरं आणि गावचीच कुत्री. अजून एक हिवाळा असा गेला असता तर गावातली तरणी माणसं रशियाची वाट धरणार होती, आणि एकदा गेलेली माणसं परत येतात ती लग्नाला नाहीतर मयताला.

म्हणून अनिपा वर्षभर जुना रोपवे शोधत हिंडत होती. नवा घेण्याची तर बातच नको. ऑस्ट्रियातले उतरवलेले रोपवे स्वस्त मिळतात असं कुणी सांगितलं, पण ते इथवर आणायचा खर्च ऐकून तिनं कानाला हात लावले. सीमेपलीकडच्या एका दलालानं फोटो दाखवले. ती आणि कुबात दोन दिवस गाडी हाकत तिथं पोचले, तर खांब तेवढे उभे. दोर आणि खुर्च्या कधीच भंगारात गेलेल्या. परतीच्या वाटेवर कुबात म्हणाला, "वहिनी, काखेत कळसा नि गावाला वळसा चाललाय आपला. तुमच्या व्याह्यांच्या दारात उभा आहे की एक."

अनिपानं खिडकीबाहेर पाहिलं. तिच्या मनात ते कधीपासून होतं. दुसऱ्या कुणी बोलून दाखवावं एवढीच वाट ती बघत होती.

तिची लेक बेगिमाय तुयुकला दिलेली. तुयुक म्हणजे खोऱ्याचं शेवटचं टोक, पुढं रस्ताच नाही. तिथली खाण बंद पडली तशी माणसं पांगली. मागं राहिलेल्यांनी पोटासाठी रूळ विकले, तारा वितळवून विकल्या. खाणकामगारांच्या सुट्टीसाठी बांधलेला रोपवे मात्र कुणी विकला नाही, कारण त्याचा मिस्त्री असनाली, म्हणजे बेगिमायचा सासरा. भंगारवाले आले तेव्हा असनाली मोठ्या चाकाखाली मांडीवर बंदूक घेऊन बसला होता, असं लोक सांगतात. तो स्वतः म्हणतो, बंदूक कसली, थर्मास होता. ते काही असो, भंगारवाले चहा पिऊन परत गेले. त्यानंतर दरवर्षी नूरूजच्या सणाला असनाली ट्रॅक्टरचं इंजिन जोडून एक दिवस रोपवे चालवायचा. गाव सोडून गेलेली माणसं त्या दिवशी पोराबाळांना घेऊन यायची, खुर्चीत बसून एक फेरी मारायची आणि खाली उतरताना डोळे पुसायची. कागदावर तो रोपवे कुणाचाच नव्हता. तुयुकच्या लेखी तो असनालीचा होता.

निघायच्या आधी अनिपानं लेकीला फोन केला होता.

"आई, मागू नकोस."

"मागत नाहीये गं. नुसतं विचारून बघते."

"तू विचारलंस की ते देतील. व्याह्यांनी जेवणाच्या दस्तरखानावर टाकलेला शब्द मामंजी खाली पडू देतील का? देतील. तू घेऊन जाशील. मला मात्र इथंच राहायचंय."

"तुझे सासरे देवमाणूस आहेत. त्यांच्या मनात नसेल तर सांगतील."

"तूच आता देवमाणूस म्हणालीस ना? मग कसे सांगतील?"

एवढं मोठं मागणं असलं की आधी तिऱ्हाईत पाठवायची रीत आहे. तो चहा पिता पिता खडा टाकून बघतो. घरधनी पावसापाण्याचं, गुरांचं बोलतो, आणि नकार असेल तर नकाराचा शब्दही न निघता तिऱ्हाईत परत येतो. दोन्हीकडची अब्रू शाबूत. अनिपानं तिऱ्हाईत पाठवला नाही. घाई होती, असं ती नंतर लोकांना सांगायची. घाई होतीच. पण तिऱ्हाईत हात हलवत परत येईल, ही तिला खात्री होती.

तुयुकमध्ये मानपान यथासांग झाला. मेंढ्याचं डोकं पाहुण्यांपुढं आलं, गप्पा झाल्या, बेगिमाय खाली मान घालून चहा ओतत होती. हात उघडून आशीर्वाद मागायची वेळ झाली तेव्हा अनिपानं घसा साफ केला.

"व्याही, आमच्या गावाचा जीव मेटाकुटीला आलाय. तुम्हाला सगळं माहीत आहे. तुमचा रोपवे वर्षातला एक दिवस चालतो. आमच्याकडे रोज चालेल, गाव जगेल. मी पदर पसरते असं समजा."

व्याह्यांची बायको कालिपा हातातला पाव तोडायची थांबली. असनालीनं समोरचा चहाचा वाडगा एकदा फिरवला, पुन्हा फिरवला.

"विहीणबाई, तुमच्या तोंडून शब्द निघाला," तो म्हणाला. "घेऊन जा."

"तुमची काही अट असेल तर…" कुबात अवघडून म्हणाला.

"व्याह्यांना अटी घालतात होय?" असनाली म्हणाला आणि चक्क हसला. मग त्यानं दोन्ही हात उघडले, आशीर्वाद दिला, सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवले. बेगिमायनं आईकडे पाहिलं नाही. अनिपाला त्या क्षणी आनंद झाला, खोटं कशाला सांगा. 

उन्हाळ्यात ट्रक आले. स्वतःच्या गावात असनाली यजमान होता, पाना हातात घेण्यापासून त्याला कोण अडवणार? एकेक बोल्ट त्यानं स्वतः सोडवला, खांबांवर रंगानं आकडे घातले, चाकं पोत्यात गुंडाळून दिली. तुयुकची माणसं बाजूला उभी राहून बघत होती. कोक-दोबोच्या गड्यांना त्यांनी पाव दिला, ताक दिलं, वावगा शब्द काढला नाही. फक्त एका म्हातारीनं विचारलं, "मग नूरूजला काय करायचं?" ते कुणाला विचारलं हे कळलं नाही, म्हणून कुणी उत्तर दिलं नाही.

त्यानंतर बेगिमायचे फोन कमी झाले. अनिपानंच करायचे, आणि तिनं हो-नाहीत बोलायचं. एकदा मात्र ती बोलली.

"सासूबाई मला काही म्हणत नाहीत. किटलीला म्हणतात. 'काय गं किटली, भरलं का तुझ्या माहेरचं पोट?' लेकी बोले सुने लागे."

"आणि सासरे?"

"ते किटलीलाही काही म्हणत नाहीत. सकाळी उठून टेकडीवर जातात, खांब होते तिथल्या सिमेंटवर बसतात आणि जेवायला घरी येतात. मला घरात कुणी काही बोलत नाही, आई. तेच तर सोसवत नाही."

"होईल सगळं ठीक. रोपवे सुरू होऊ दे, त्यांनाच आनंद होईल बघ."

अनिपाचा स्वतःचाही त्यावर विश्वास नव्हता. पण लेकीचं घर मोडू नये एवढंच तिला आता हवं होतं, आणि ते रोपवे सुरू होण्यावर अवलंबून आहे असं तिनं मनाशी घट्ट धरून ठेवलं होतं. चांगला चालला, लोक आले, व्याह्यांचं नाव झालं, की दिलेल्या वस्तूचं दुःख विरेल. वाया गेला तर मात्र त्या घरात बेगिमायला बसायला जागा उरणार नाही.

शरदात सारं गाव कामाला लागलं. घरटी एक माणूस, कुणी मजुरी घेतली नाही. खड्डे खणले, सिमेंट ओतलं, खांब उभे राहू लागले. आणि न बोलावता असनाली येऊन दाखल झाला. अंगात जुना कामाचा कोट, डोक्यावर काल्पाक. सोबत बेगिमाय, त्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या सांभाळायला. "म्हटलं, बसवताना जवळ असावं," तो म्हणाला.

आता पाहा आमच्या लोकांची अक्कल. त्या रोपवेचा स्क्रू न स्क्रू ज्याच्या हातून गेला तो माणूस आपण होऊन दारात आला. पण तो व्याही पडला. व्याह्याला कामाला कसं लावायचं? अनिपानं तुयुकला दिलेला, त्याच्याच गाठोड्यातून निघालेला तो नवा चापान पुन्हा त्याच्या अंगावर चढला, त्याला दारापासून दूर, मानाच्या जागी बसवलं गेलं, पाठीशी उशा रचल्या गेल्या. तो एकदा उठून उताराकडे निघाला तर कुबातनं त्याच्या हातातला पाना काढून घेतला.

"व्याही, लाजवता काय? तुमच्या हाताला ग्रीस लागलं तर आम्ही तोंड कुठं दाखवायचं?"

मग रोज एका घरी जेवण. आज या घरचा मेंढा, उद्या त्या घरचा. व्याही मानाच्या जागी बसून खिडकीतून खांब बघायचे आणि बाहेर गडी आपल्या मतानं खांब लावायचे. दोराची दोन टोकं एकमेकांत विणून सांधायला शहरातून एक माणूस आणला, तो आपलं काम करून निघून गेला. बाकी सगळं कुबातच्या अंदाजावर. कुबात हुशार होता, पण त्यानं आयुष्यभर ट्रक दुरुस्त केलेले.

असनालीनं सांगायचा प्रयत्न केला नाही असं नाही. व्याही जसं सांगू शकतो तसं सांगितलं.

"त्या खोलगटातल्या खांबापाशी वारा कसा असतो?"

"वारा काय, सगळीकडेच असतो, व्याही," कुबात म्हणाला. "मांस घ्या, निवतंय."

दुसऱ्या दिवशी पुन्हा. "तुयुकला अशा जागी आम्ही दोराला वरून दाबणारी चाकं लावायचो."

"तुयुकची गोष्टच निराळी," गावातला एक म्हातारा आदरानं म्हणाला. झालं. व्याह्याच्या कामात खोड काढायची नाही, हे असनालीला आईच्या दुधातून मिळालेलं. तो पुन्हा उशीला टेकला. ताटात वाढलेलं खात राहिला.

अनिपाच्या नजरेतून हे सुटलं नाही. पण विचारावं तर कसं? आपण बसवलेलं चुकलंय का, असं व्याह्याला विचारणं म्हणजे त्याला आपल्या तोंडावर दोष काढायला लावणं. आणि तो काय सांगेल याची तिला भीतीही होती. सिमेंट केव्हाच वाळलं होतं.

स्वयंपाकघरात आतडी धुता धुता बेगिमाय म्हणाली, "मामंजी रोज एवढं खातात, आणि वाळत चाललेत."

"मग मी काय करू? व्याह्यांना सिमेंट कालवायला लावू?"

"लाव."

"लोक काय म्हणतील?"

"तुयुकला जाताना नाही सुचले तुला लोक."

अनिपाच्या हातातली सुरी थांबली. तिला लेकीच्या मुस्काटात द्यावीशी वाटली आणि तिला जवळ घेऊन रडावंसंही वाटलं. तिनं यातलं काहीच केलं नाही. कांदा चिरला.

पहिला दणकून बर्फ पडला आणि म्हाताऱ्यांनी मुहूर्त धरला. तपासनीस पुढल्या आठवड्यात यायचा होता, पण आपल्या माणसांनी एक फेरी मारायला तपासनीस कशाला हवा? आदल्या दिवशी रिकाम्या खुर्च्या हळूहळू फिरवून पाहिल्या होत्या, कुठं अडल्या नाहीत. सगळं गाव उताराशी जमलं. मेंढा कापला, प्रार्थना झाली. पहिल्या फेरीचा मान कुणाचा यावर वाद व्हायचा प्रश्नच नव्हता. व्याह्यांचा. खुर्ची दोघांची, तेव्हा शेजारी विहीणबाईंनी बसावं, असंही ठरलं.

असनाली शांतपणे पुढं आला. खुर्ची मागून आली, त्यानं सराईतासारखी ती हातानं धरली, इंजिन थांबलं. तो बसला. अनिपा शेजारी बसायला वळली तेव्हा तो हळू आवाजात म्हणाला, "विहीणबाई, तुम्ही मागाहून या. ही फेरी मला एकट्याला मारू द्या."

"असं कसं? लोकांना वाईट दिसेल."

"आणि बेगिमायला त्या खांबाखालून बाजूला व्हायला सांगा."

अनिपानं वर पाहिलं. खोलगटातल्या खांबाखाली तिची लेक मोबाईल धरून उभी होती, सासऱ्यांचा फोटो काढायला. असनालीही तिकडेच बघत होता, पण सुनेकडे नाही. खांबाच्या माथ्यावर, चाकांवरून दोर जात होता तिकडे.

अनिपाला उमगलं. याला ठाऊक आहे. पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. हा माणूस दोर सुटणार हे जाणून खुर्चीत बसलाय, पण व्याह्यांनो तुमचं चुकलं, असं म्हणणार नाही. जसा तेव्हा नाही म्हणाला नव्हता. आणि याला काही झालं तर बेगिमाय त्या घरात कुठल्या तोंडानं जाईल? माहेरच्यांनी आधी रोपवे नेला, मग माणूस नेला.

कुबातचा हात इंजिनाच्या दांड्यावर होता. "वहिनी, सोडू का?"

"थांब."

"प्रार्थना झालीय, वहिनी. आता थांबायचं नसतं."

"थांब म्हटलं ना? हात काढ."

सगळं गाव बघत होतं. अनिपा खुर्चीसमोर उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं तिनं विचारलं, "काय चुकलंय ते सांगा."

असनाली खुर्चीत पुढं वाकला. "व्याह्याला विचारताय की मिस्त्रीला?"

"मिस्त्रीला."

"मिस्त्रीला विचारायचं तर आमच्या दस्तरखानावर विचारायचं होतं, विहीणबाई," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. "मिस्त्री नाही म्हणाला असता."

म्हातारे खाली बर्फाकडे बघू लागले.  अनिपानं माफी मागावी तर कशाची? मागितल्याची की मिळाल्याची?

असनाली खुर्चीतून उतरला. चापान काढून त्यानं खुर्चीतच ठेवला. "तो खांब बुटका पडलाय. खुर्च्या रिकाम्या असल्या की दोर चाकांवर नुसता टेकतो, बसत नाही. माणूस बसलं, झटका लागला, की उडेल. मी पाठवलेली वरची चाकं कुठायत?"

"शेडमध्ये," कुबात पुटपुटला. "जादाची वाटली."

"मी जादाचं काही पाठवलं नव्हतं. घेऊन या. आणि पाने आणा."

कुबात धावला. कालपर्यंत व्याह्याला पाण्याचा पेला उचलू न देणारे गडी एका शब्दावर शिडी आणायला पळाले. असनाली उतार चढू लागला. त्याला दम लागत होता, दर थोड्या पावलांवर तो थांबत होता. वरून बेगिमाय खाली उतरत आली आणि तिनं त्याचा दंड धरला.

"बेगिमाय, तू ये खाली," अनिपानं हाक मारली. "गारठशील. कुबातकाका जातील त्यांच्याबरोबर."

"राहू देत. आमच्या माणसाबरोबर मी जाईन."

अनिपाला ज्याची रात्रंदिवस धास्ती होती ते झालं नव्हतं. लेकीची त्या घरातली जागा गेली नव्हती. उलट ती इतकी पक्की झाली होती की आई तिला उतारावर उभी असलेली कुणी बाई वाटावी. आनंद व्हायला हवा होता. तिनं वाट पाहिली, तो काही आला नाही.

वर शिडी लागली. एक पाना खाली पडला, तो बेगिमायनं बर्फातून शोधून सासऱ्याच्या हातात दिला.

"संध्याकाळपर्यंत सुरू होईल, वहिनी," कुबात शिडीपासून खाली येत म्हणाला. "एकदम पक्का होईल बघा आता."

"होईल."

तिनं पुन्हा लेकीला हाक मारली. मग आणखी एकदा, मोठ्यानं. बेगिमायनं मान वळवली नाही.

"वाऱ्यात ऐकू गेलं नसेल," कुबात म्हणाला.

अनिपानं मान डोलावली. वारा अजिबात नव्हता.